वीटभट्टी वस्तीतील अंगणवाडी रस्त्याच्या अलीकडे परत मिळणेबाबत

दि. १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. बालविकास प्रकल्प अधिकारी,
नागरी प्रकल्प कार्यालय, पुणे.

अर्जदार : शमशुद्दीन अमीन बागवान, धंदा भाजीविक्री, रा. जुनी वीटभट्टी वस्ती, हडपसर.

विषय : वस्तीतील अंगणवाडी पूर्वीच्या गल्लीत परत आणणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराने जुलैत समक्ष येऊन केलेली विनंती.

महोदया,

अर्जदार सविनय कळवितो की, त्याची नात अरिबा, वय अडीच वर्षे, ही गेल्या जूनमध्ये अंगात रक्त न उरल्याने वारली. तिच्यासाठी आता काही मागणे नाही. हा अर्ज तिचा धाकटा भाऊ अझीम व वस्तीतील इतर मुलांसाठी आहे.

१. अर्जदाराची सून सबा कंपनीत पॅकिंगला जाते. अरिबाच्या वेळी तिला उभ्या उभ्या भोवळ येई. लोहाच्या गोळ्यांनी मळमळे, म्हणून तिने त्या सोडल्या. पोर जन्मली तीच फिकी. पुढे दुधाशिवाय कशाला तोंड लावीना. चहात बुडवलेला टोस्ट दिला की गप्प बसे, म्हणून घरात जो तो टोस्टच देई. अर्जदाराच्या हातगाडीवर मेथी-पालकाचे ढीग असत, पण तिच्या पोटात पान जात नसे.

२. तेव्हा अंगणवाडी गल्लीतच होती. सेविका ललिताताई तिला मांडीवर घेऊन खिचडी भरवीत. चार पोरांत बसली की ती खाई. ती विटेचे तुकडे चाटते हे ताईंनी पाहिले आणि सबाला म्हणाल्या, "ही खोड नाही, हिला रक्त कमी आहे." तपासणी झाली, जंतांचे औषध झाले, लोहाचे थेंब सुरू झाले. गालावर रंग आला. अरिबा हातगाडीमागे पळू लागली.

३. मग रस्ता रुंद झाला, अंगणवाडीची खोली त्यात गेली व अंगणवाडी पलीकडे हलली. मध्ये ना सिग्नल, ना पूल. सकाळी सबा कामावर, तिचा नवरा अल्ताफ टेम्पोवर, अर्जदार गाडीवर. "आज राहू दे, उद्या नेऊ," असे म्हणता म्हणता थेंब संपले आणि पोर पुन्हा वीट चाटू लागली. हळूहळू पळायची थांबली. शेजारी म्हणत, किती शांत पोर आहे. एका दुपारी ती भाजीच्या पाट्यांमध्ये आडवी झाली, ती उठेना. दवाखान्यात डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि इतरांना बोलावले. "इतके दिवस काय करत होता?" त्यांनी विचारले. सबा एवढेच म्हणाली, "ती कधी रडली नाही हो." रक्त चढवायला घेतले, पण तोवर तिचे हृदय दमून गेले होते.

४. अर्जदार जुलैत कार्यालयात आला असता, पलीकडचे केंद्र नकाशात जवळच आहे, असे सांगण्यात आले. ते खरे आहे. नकाशात ट्रक नाहीत.

५. आता अझीमचेही रक्त कमी निघाले आहे. सबब विनंती की, अर्जदाराच्या घराची पुढची खोली अंगणवाडीसाठी विनाभाडे घ्यावी. पाट्या अर्जदाराने अंगणात काढल्या आहेत, भिंतींना चुना दिला आहे. खोली नियमात बसत नसल्यास, रोज सकाळी लाल फडके व शिट्टी घेऊन वाहने थांबविण्याची लेखी परवानगी अर्जदारास कृपया मिळवून द्यावी. विनापरवाना थांबविली तेव्हा पोलिसांनी हाताला धरून बाजूला केले. त्यांचेही चुकले नाही.

६. तूर्त अर्जदार सकाळी गाडी लावीत नाही. गल्लीतील मुलांना एकेक करून कडेवर पलीकडे पोहोचवतो. गुडघे फार दिवस साथ देतील असे वाटत नाही, म्हणून घाई. शिवाय रस्ता ओलांडताना अर्जदाराच्या तोंडून प्रत्येक मुलाला अरिबा अशीच हाक जाते. सुरुवातीला मुले हसत. आता ओ देतात.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
शमशुद्दीन अमीन बागवान

सोबत : १) खोलीचे छायाचित्र २) अझीमचा रक्ततपासणी अहवाल ३) वस्तीतील मातांच्या सह्या व अंगठे