पडद्यावरचा जर्मन हेर

४ मे १९४२, लंडन
मिळाला! हेरपटात जर्मन हेराचा रोल. डायलॉग तीनच, पण पडद्यावर नाव येणार: सिरिल ऑर्मरॉड. सपाट पायांमुळे सैन्यानं नाकारलं होतं. आता देशाचं मनोबल मीच वाढवणार. एडना म्हणाली, तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत सगळ्याजणींना सांगून बसलेय, तोंडघशी पाडू नकोस. बायकांना कलेतलं काय कळतं!

६ मे
संकल्प: शूटिंगपर्यंत हेर म्हणूनच जगायचं. एडनाशी जर्मन ढंगात बोललो. तिनं विचारलं, सर्दी झाली का?

११ मे, दुपार
भलत्याच गावात, चर्चच्या हॉलमध्ये कोंडलेला. आज एका पुलावर शूटिंग होतं. शत्रूला कळू नये म्हणून स्टेशनांच्या पाट्या काढल्यात, त्यामुळे एक स्टेशन आधीच उतरलो. अंगावर सिनेमातला रेनकोट होताच. म्हटलं, तालीम होईल. पोस्टातल्या बाईला जर्मन ढंगात विचारलं, पूल कुठाय? अनोळखी माणसाला रस्ता सांगायचा नाही, हे हल्ली शेंबडं पोरही जाणतं. बाईनं गोड हसून चहा दिला आणि मागच्या दारानं होमगार्डना बोलावलं. खिशात ओळखपत्र निघालं, तेही सिनेमातलं, भलत्याच नावाचं.

समोर गावचा खाटीक ब्लँड बंदूक रोखून बसलाय. नट आहे म्हटलं, तर म्हणाला, हो, आणि मी लंडनचा बिशप. त्याचं बोट बंदुकीच्या घोड्यावरच आहे. मला दरदरून घाम. तरी मनात उकळ्या फुटतायत: अभिनय इतका अस्सल!

संध्याकाळ
स्टुडिओचा फोन आला, सुटलो. ब्लँडला सहज विचारलं, हुबेहूब जर्मन वाटलो ना? म्हणाला, छे हो! जर्मन इतका बावळट माणूस पाठवतील होय? आम्हाला वाटलं, रेशनचं लोणी काळ्या बाजारात विकणारा. अडाणीच हा ब्लँड.
पूल शूटिंगला आजच्यापुरताच मिळाला होता. माझा रोल दुसऱ्या नटाला, पार्जिटरला गेला. मला पहिल्या सीनमधलं प्रेत दिलंय. प्रेताशिवाय गोष्ट सुरूच होत नाही म्हणा. एडनाला तूर्त सांगत नाही.

१४ मे
प्रेत केलं. श्वास दिसतो म्हणे. मग शिंकलो. दिग्दर्शक संतापला. त्याला जिवंत अभिनय झेपत नाही.

२ ऑक्टोबर
पहिला खेळ. परवा एडनाला प्रेताचं सांगितलं. तिनं खेळाची वेळ तेवढी विचारली. आज फॅक्टरीतली अख्खी पाळी घेऊन आली.

पडद्यावर खड्डा. खड्ड्याबाहेर नुसते दोन पाय. एडना ओरडली, बघा, आमच्या सिरिलचे पाय! बायकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. एडनानं माझा हात घट्ट धरला, तिचे डोळे भरून आले होते.

माझा शॉट कापून दुसऱ्याला झोपवलंय, हे पार्जिटरनं मला दारातच सांगितलं होतं. मीही टाळ्या वाजवल्या. पडला होता बरा तो माणूस.