देवमाशाचा दात कुणापुढे ठेवायचा?

ये. मा. यो.

नावुनिवी, तावेउनी बेट
१४ मे

चि. तितिलिया हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ईस्टरचं पत्र शुक्रवारच्या बोटीने आलं. समासाची रेघ अजून पेन्सिलने मारतेस हे पाहून बरं वाटलं. मात्र पत्राच्या डोक्यावर येशू, मारिया, योसेफ यांची आद्याक्षरं घालायला विसरलीस. सिस्टर इमेल्डा असत्या, तर रविवारची जेवणाची घंटा झाली तरी तुला कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यातच बसवून सगळं पत्र पुन्हा लिहायला लावलं असतं. मी मात्र माफ केलं.

फोनचं विचारलं होतंस. टॉवर वादळात पडला तो पडलाच आहे. सरकारी माणूस येऊन त्याचे फोटो काढून गेला. शाळेत आकाशातून येणारं इंटरनेट आहे, पण तिथून तुला काही पाठवायचं म्हणजे मास्तर विलियामे आधी वाचणार आणि मग सगळं गाव. त्यापेक्षा आपली पत्रंच बरी.

गावात सध्या तुझ्याशिवाय विषय नाही. विलियामेने शाळेच्या कॉम्प्युटरवर तुझा ब्लॉग उघडून दाखवला. अळूच्या पानांची खाज कशी घालवायची हे तू लिहिलंयस, ते चाळीस हजार माणसांनी वाचलं म्हणे. बायका विचारत होत्या की चाळीस हजार माणसांना एवढंही येत नसेल, तर ती आजवर जेवली काय! गावप्रमुख झाल्यापासून सेरेमाया काका सगळे हिशेब मोठ्याने करतात. माणशी एक डॉलर धरून त्यांनी तुला चाळीस हजारांची मालकीण केली, आणि मग सगळ्यांदेखत विचारलं की एवढी श्रीमंत बाई सहा वर्षांत एकदाही घरी का आली नाही. मी अळू निवडत होते, ते निवडत राहिले.

आठ डिसेंबरला, मारियेच्या सणाला, बुबूला नव्वद पूर्ण होतील. आपली आई आता सगळ्या गावाची बुबू, आजी, झाली आहे, मीही तिला आई म्हणायचं विसरले. तिने तुझ्या खाटेसाठी चटई विणायला घेतली आहे. दिसतं थोडंच, पण बोटांना सगळं पाठ आहे. रोज विचारते, तितिलिया कुठल्या बोटीने येणार? मी रोज सांगते, पुढच्या.

खरं काय ते कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
फिलोमेना

ये. मा. यो.

ग्रिफिथ, ऑस्ट्रेलिया
५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बघ, या वेळी विसरले नाही.

खरं विचारलंस, म्हणून खरं लिहिते. गेल्या वर्षी वृद्धाश्रमात एका आजोबांना अंघोळीच्या खुर्चीतून उचलताना माझी पाठ गेली. तेव्हापासून काम सुटलंय. हे बुबूला आणि गावात सांगू नकोस.

त्याच सुमारास इंटरनेटवर एक बाई भेटली. पांढरेशुभ्र दात, सारखी हसायची. ती शिकवायची की आपल्याला जे आवडतं ते लिहा, सहा महिन्यांत तुम्ही झोपलेल्या असताना पैसे येऊ लागतील. मला आवडायचं काय, तर आपलं कॉन्व्हेंटचं स्वयंपाकघर, बुबूचं नारळाच्या दुधातलं अळू, इस्त्रीच्या कांजीचा वास. ते लिहीत गेले. झोपलेही. पैसे काही आले नाहीत.

सेरेमाया काकांना सांग की वाचणारा एक पैसाही देत नाही. सुरुवातीला मलाही वाटायचं की माणसं आली म्हणजे पैसे आले. लेखाच्या कडेला जाहिराती असतात. कुणी एखादीवर बोट दाबलं, तरच कंपनी माझ्या नावावर काही सेंट मांडते. पण दाबतंय कोण? लोक येतात, अळूची खाज घालवतात आणि निघून जातात. शंभर डॉलर होईपर्यंत कंपनी काही पाठवत नाही, आणि सव्वा वर्षात माझे चौऱ्याण्णव झालेत. हसू नकोस.

सहा वर्षं न येण्याचं कारणही हेच. आधी नवऱ्याचं आजारपण होतं, मग ही पाठ. रिकाम्या हातांनी बोटीतून उतरणं मला जमायचं नाही, ताई. धक्क्यावर कोण कोण उभं असतं, तुला माहीत आहे. पण बुबूच्या नव्वदीला यायचं हे मनात धरलंय. ब्लॉगचा पहिला पैसा तिकिटासाठीच बाजूला ठेवणार आहे.

तुझ्या मायेवरच चाललंय सगळं.

तुझी
तितिलिया

ये. मा. यो.

नावुनिवी
९ जुलै

चि. तितिलिया हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पाठीचं वाचून दोन दिवस घास उतरला नाही. कुणाला बोलले नाही. पण जाहिरातींचं तेवढं सांगितलं, कारण ते सांगायला तू बंदी केली नव्हतीस.

सेरेमाया काका म्हणाले की नुसतं बोटच दाबायचं तर हे आधी का नाही सांगितलं? कुणाचं घर बांधायचं असलं की सगळं गाव हात लावतं, तसंच हे. प्रत्येक कुळाला वार नेमून दिलाय. रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की आपल्या कुळाची पाळी. शाळेचे पाचही कॉम्प्युटर चालू असतात आणि बाहेर रांग. काकांनी स्वतः ट्रॅक्टर, दाढीचं यंत्र आणि नवऱ्या मुलीचा पोशाख दाबला. काकू बाकावरून ओरडल्या, की पोशाख कुणासाठी ते घरी आल्यावर सांगा. लोक हसून हसून बाकांवर आडवे झाले.

बुबूने हट्टच धरला. चौघांनी खुर्चीसकट उचलून नेली. मी तिचं बोट धरून जाहिरातीवर टेकवलं. पळायच्या बुटांची होती. तिने दाबलं, आणि मग विचारलं, हे तितिलियाला कळेल का? मी म्हटलं, कळेल.

आता तिकिटाची काळजी करू नकोस. आम्ही आहोत.

तुझी
फिलोमेना

ये. मा. यो.

ग्रिफिथ
१२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भराभर लिहितेय, अक्षर सांभाळून घे. तीन आठवड्यांत रक्कम चौऱ्याण्णवची सहाशेच्या वर गेली! कोण माणसं आली देव जाणे. कुणाला तरी माझं लिहिणं आवडलं असणार, असं वाटतंय. एकसष्टाव्या वर्षी असं वाटायला लाज वाटते, तरी वाटतंय. ह्या वेगाने ऑक्टोबरपर्यंत तिकीट होईल.

मी येते, ताई. बुबूला सांग, येते.

घाईत, पण पूर्वीसारखीच तुझी
तितिलिया

ये. मा. यो.

नावुनिवी
२९ जुलै

चि. तितिलिया हिस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं! बुबूने माझ्याकडून तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. चटईच्या तीन बाजूंना लाल-हिरव्या लोकरीची झालर लावून झाली होती. तिथेच ती थांबली. म्हणते, चौथी बाजू तितिलिया आली की तिच्याबरोबर बसून करीन. लोकरीचा गुंडा उशाशी घेऊन झोपते.

ती माणसं कोण, असं विचारतेस? माझं पत्र अजून पोचलेलं दिसत नाही. पोचलं की हसशील.

वाट पाहणारी
फिलोमेना

ये. मा. यो.

ग्रिफिथ
२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं नऊ जुलैचं पत्र काल आलं. त्याच्या चारच दिवस आधी कंपनीचं आलं होतं. माझं खातं त्यांनी कायमचं बंद केलंय. एकाच ठिकाणाहून, त्याच त्याच माणसांनी, खोटेपणाने जाहिराती दाबल्या असं त्यांचं म्हणणं. सगळी रक्कम जाहिरातवाल्यांना परत जाईल. माझे ते पहिले चौऱ्याण्णवसुद्धा.

चार दिवस मी अंदाज करत बसले होते की कुणा दुष्टाने हे केलं असेल. मग तुझं पत्र उघडलं. पोशाखाचं वाचून खूप हसले ग, आणि मग बुबूच्या बोटापाशी आले. तेही त्यांनी खोट्यातच धरलं.

राग कुणाचा करू? सहा वर्षांत माझ्यासाठी एवढं कुणी काही केलं नव्हतं. चूक माझीच, असं दाबणं चालत नाही हे मी लिहायला हवं होतं. माझ्या स्वप्नातही आलं नाही की कुणी दाबेल.

आता येणं होत नाही. गावाला कारण सांगू नकोस, त्यांच्या जिवाला लागेल. बुबूला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तूच काहीतरी सांग.

तुझी
तितिलिया

ये. मा. यो.

नावुनिवी
२५ ऑगस्ट

चि. तितिलिया हिस,
अनेक आशीर्वाद.

लपवायला मला कधी जमलंय? सिस्टर इमेल्डा नुसत्या बघायच्या आणि मी घडाघडा सांगून मोकळी व्हायचे. रविवारी रांगेतून मी बाजूला झाले, तेव्हा सेरेमाया काकांनी तसंच बघितलं.

त्या दिवशी संध्याकाळी पुरुषमंडळी यांगोनाच्या मुळांचं पेय प्यायला बसली, पण वाटी नुसतीच फिरली, गाणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी काका घरी आले. गावाच्या हातून चूक झाली, तेव्हा रीतीप्रमाणे देवमाशाचा दात घेऊन माफी मागायला हवी, असं सगळ्यांचं ठरलंय. वादळातून वाचलेला एकच मोठा दात त्यांच्या पेटीत आहे. तो बाहेर काढून तेल लावून ठेवलाय. सहाजण जाणार. बोटीची, विमानाची सोय कशी करायची ते तेच बघतील म्हणतात. फक्त कंपनीचं घर कुठल्या गावात आहे आणि तिथला वडीलधारा कोण, हे तू कळवायचं. दात पुढे ठेवून खाली मान घालून बसलं की कुठलाही माणूस माफ करतोच, अशी त्यांची खात्री आहे. माझीही आहे.

तेवढा पत्ता पाठव.

फिलोमेना

ये. मा. यो.

ग्रिफिथ
१४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्ता कसा पाठवू? त्यांची मोठी घरं आहेत, समुद्रापलीकडे, काचेची. पण दात हातात घेईल असं तिथे कुणी नाही. मी शोधलं नाही असं समजू नकोस.

दाद मागायला एक चौकोन दिलेला असतो. त्यात मी सगळं लिहिलं. वादळ, मिस्सा, कुळांचे वार, बुबूची खुर्ची. आपल्याला शिकवलं होतं तसं, आधी नमस्कार, मग मजकूर, शेवटी आभार. पाठवलं आणि चहाचं आधण ठेवलं. पाण्याला उकळी फुटायच्या आत उत्तर आलं. निर्णय अंतिम आहे, आणि ह्या पत्त्यावर पाठवलेलं काही वाचलं जात नाही.

कुणी वाचलंच नाही, ताई. वाचून नाही म्हणाले असते तर मी गप्प बसले असते. नुसता दरवाजा असता, तरी पाठ दुखत असतानाही उंबऱ्याशी जाऊन बसले असते.

काकांना म्हणावं, दात पेटीत ठेवा. माझं मन कुणाविषयीही खट्टू नाही.

तुझी
तितिलिया

ये. मा. यो.

नावुनिवी
६ ऑक्टोबर

चि. तितिलिया हिस,
अनेक आशीर्वाद.

बाहेर काढलेला दात कुणी हातात न घेता पेटीत परत जात नाही. हे तू ऑस्ट्रेलियात राहून विसरलीस का?

काल सगळे आपल्याच घरी आले. सेरेमाया काका दारापासून गुडघ्यांवर सरकत आत आले आणि दात बुबूपुढे ठेवला. बोलायचं पाठ करून आले होते, पण मधेच अडकले. बुबूने दात चाचपला. कंपनीत कुणी म्हातारं माणूस नसेल तर तिच्या वतीने मीच घेते, म्हणाली, माझं वय दोघांना पुरेल. दोन्ही हातांनी दात उचलून तिने माफ केलं, सगळ्यांना. कंपनीलासुद्धा. सगळे गेल्यावर मला जवळ बोलावून हळूच विचारलं की कंपनी म्हणजे कोण.

जाताना काका एक पाकीट ताटलीखाली सरकवून गेले. तुझ्या तिकिटासाठी गावाने गोळा केलेले पैसे. यंदा वादळाने विकायची यांगोनाची मुळं कुजली, कुणाकडे काय असणार! ते राजधानी सुव्याच्या बोटीलाही पुरणार नाहीत. इथून एवढेच निघाले, हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? याच टपालात घातलेत. परत पाठवू नकोस, त्यांना फार लागेल.

बुबूला सांगितलं की पुढची बोट या वर्षी नाही. आज सकाळी लोकरीचा गुंडा मागून घेतला आणि चौथ्या बाजूला बसली. मी स्वयंपाकात होते, लक्ष दिलं नाही. दुपारी पाहिलं तर झालर जवळजवळ पूर्ण झाली होती. कोपऱ्यापाशी एक वीत तेवढी मोकळी होती. मी म्हटलं, हात लाव, एवढं आटपून टाकू. तिने लोकर दातांनी तोडली, चटईची गुंडाळी करून उशाशी ठेवली आणि म्हणाली की आता डोळे दमले.

तुला माहीत आहे, ती डोळ्यांनी विणत नाही.

तुझीच
फिलोमेना