ना-हरकतीवरची सही

लातूर,
शनिवार, १६ मे १९८७

प्रिय बसू,

तू माझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाहीस. उत्तर द्यावं असं त्यांत काही नव्हतंच म्हणा. अव्वाची तब्येत, टँकर, शाळेचा निकाल. कुणीही कुणालाही लिहावं तसली पत्रं होती ती. शाळेला सुट्टी आहे, म्हणून क्रीडासाहित्याच्या खोलीत येऊन बसलोय. घरी लिहिता आलं नसतं. अव्वा शेजारी येऊन बसते आणि काय लिहिलंस ते वाचून दाखव म्हणते.

अव्वा बरी आहे. टँकर चौथ्या दिवशी येतो, तोही किती वाजता येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे तिच्या घागरी सकाळपासून रांगेत असतात. पूजेचा तांब्या तेवढा ती आधी भरून झाकून ठेवते, मग बाकीचं. तुझी चौकशी रोज करते, आईच ती. बसू लिहितो का, म्हणते, आणि मी हाव म्हणतो. श्रीमंत अजून आपल्याकडंच राहतो. तुझ्या खाटेवर त्याचे पाय मावत नाहीत, म्हणून अव्वानं पायथ्याशी एक लोखंडी पेटी लावून दिलीय. तिला तो आवडतो. पहिल्या वर्षी ती त्याच्याशी बोलायचीसुद्धा नाही, ताट वाढून आत निघून जायची.

बास्केटबॉलच्या मैदानावर पाणी मारणं यंदा बंद केलंय. प्यायला नाही तिथं मुरमावर कोण ओतू देईल? बॉल आपटला की धुरळा उडतो, आणि फक्कीच्या रेघा सकाळी मारल्या तर दुपारपर्यंत दिसत नाहीत. तरी पोरं येतात. आणि समोर नागप्पाच्या भांड्यांच्या दुकानाची पायरी रोज संध्याकाळी भरते. तू इथून गेलास त्याला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. तीन वर्षं त्या पायरीवर एकच वाद चाललाय, की तुला नांदेडला देऊन श्रीमंतला आणलं हे शहाणपणाचं झालं की नाही. सरकार बदललं, दोन पावसाळे कोरडे गेले, पण तो वाद काही मिटला नाही.

त्या वेळचं तुलाही आठवत असेल. ब्याऐंशी साली जिल्हा झाला तेव्हा गंजगोलाईत पेढे वाटले. कचेऱ्यांवर नवे फलक लागले, उस्मानाबादला हेलपाटे घालायचं संपलं. आपल्यालाही वाटलं, आता जिल्ह्याचा स्वतःचा संघ. पण संघ म्हणजे होतास तू एकटा. तू तीस गुण करायचास आणि आपण वीस गुणांनी हरायचो. लोक तुला खांद्यावर घेऊन परत आणायचे, हरलेल्या सामन्यातून! मी मागून बॉलची पिशवी घेऊन चालायचो. बसू, खरं सांगतो, त्या खांद्यांकडं बघून मला आनंद व्हायचा, आणि थोडा रागही यायचा. मी उभ्या केलेल्या संघाला कुणी संघ म्हणत नव्हतं. बसवराजचा खेळ बघायला चाललो म्हणायचे.

मग चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये नांदेडच्या मंडळाचा निरोप आला. बसवराज आम्हाला द्या. आमच्या अध्यक्षांच्या जिनिंग कारखान्यात त्याला नोकरी देतो, तीन वर्षांनी कायम करतो. बदल्यात किनवटच्या वसतिगृहातला श्रीमंत न्या, नायगावचा रामकिशन न्या, दोघं सतरा वर्षांचे आहेत. आपल्या समितीत दोन मतं इकडं पडली, दोन तिकडं. पाचवं माझं. ना-हरकत पत्रावर सहीही मीच केली. स्टँडवर गाडी लागल्यावर तू मला एवढंच विचारलंस, अण्णा, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो, कायमची नोकरी सोडू नये. तू खाली वाकून पाया पडलास आणि गाडीत चढलास.

पहिल्या वर्षी मला पायरीवर जागा मिळायची नाही. श्रीमंतच्या हातात बॉल थांबायचा नाही. नागप्पा मोठ्यानं म्हणायचा, "मास्तर, खांबच पायजे व्हता तर वीजमंडळातून आणायचा, बसूला का घालीवलं?" तू नांदेडकडून आपल्याविरुद्ध अठ्ठावीस गुण केलेस त्या दिवशी तो आपल्या गावात उभं राहून तुझ्यासाठी टाळ्या वाजवत होता. पेपरात तुझं नाव आलं की कापून गल्ल्यावरच्या काचेखाली ठेवायचा. भुजंग कंडक्टर दुसऱ्या बाजूचा. तो म्हणायचा, "एका माणसानं संघ होत न्हाई. दोन पोरं आलीत, दहा वर्सं खेळतील. जरा दम धरा की." मी त्याच्या शेजारी बसून मान हलवायचो. दुसऱ्या वर्षी आपण उपांत्य फेरीत गेलो आणि भुजंगच्या बाजूला माणसं वाढली. आणि यंदा फेब्रुवारीत, परभणीत, विभागाचा अंतिम सामना. तुझं नांदेड आणि माझं लातूर.

त्या सामन्याबद्दल आपण दोघं अजून एक अक्षर बोललेलो नाही. दोन मिनिटं उरली होती, लातूर एका गुणानं पुढं होतं. बोर्डावरून परतलेल्या बॉलवर तू आणि श्रीमंत दोघंही उडालात. तू डाव्या पायावर खाली आलास. तो आवाज मी बाकावरून ऐकला. धक्का कुणी दिला नव्हता, म्हणून शिट्टी झाली नाही. श्रीमंत हातात बॉल घेऊन तसाच थांबला, तुझ्याकडं बघत. तेव्हा मी ओरडलो, "श्रीमंत, पळ! बॉल!" तो पळाला आणि त्यानं टाकला. आपण पाच गुणांनी जिंकलो. जिल्हा झाल्यापासूनचं पहिलं विजेतेपद. श्रीमंत त्या संध्याकाळी जेवला नाही. अजून मला विचारतो, सर, बसूदादाचा पाय कसा हाय?

ती हाक तू ऐकलीस हे मला माहीत आहे. जमिनीवर पडल्या पडल्या तू बाकाकडं मान वळवली होतीस. तुला वाटलं असेल, मास्तर लोक असेच असतात, सामना संपेपर्यंत त्यांना भाऊ दिसत नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. तू पडलास तेव्हा मैदानाभोवतीची सगळी माणसं दचकून उभी राहिली. मी दचकलो नाही, बसू.

काल संध्याकाळी भुजंग ड्युटीवरून थेट पायरीवर आला. म्हणाला, "बसवराज दिसला नांदेडच्या स्टँडात. हातात काठी हाय. कारखान्यानं काढलं म्हणं त्याला. लंगड्याला घिऊन काय करतेत ते?" सामन्यानंतरच्या एकुलत्या पत्रात तू मला लिहिलं होतंस, गुडघा बरा आहे, हलकं काम दिलंय. अव्वाला मी तेच वाचून दाखवलं होतं. जून यायला एक महिना राहिला होता, बसू. एका महिन्यात तू कायम झाला असतास. भुजंगनं मांडीवर थाप मारली. "बगा, तीन वर्सं मी वरडून राहिलो. आपलं पोरगं उभं हाय अन् त्येंचं आडवं झालं. सौदा फायद्याचा का न्हाई, बोला आता!" लोक हसले. हे तुझंच गाव, ज्यांनी तुला खांद्यावर घेतलं तीच माणसं.

नागप्पा हसला नाही. तो गल्ल्यावरून उठला, खाली आला आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. "मास्तर, चुकलं माझं. तुम्हाला जे दिसलं ते मला दिसलं न्हाई. सख्ख्या भावाचा मोह सोडून तुम्ही गावाचा इचार केला, अन् मी तुम्हाला तोंडावर वाट्टेल ते बोललो. माफी असावी." माझ्या वयाचा माणूस, तुझ्यावर इतका जीव लावणारा, आणि माझी माफी मागत होता. मला ते सोसलं नाही. मी म्हणालो, "नागप्पा, मला काही दिसलं नव्हतं. मला माहीत होतं."

आता तुला सांगतो, त्यांना सांगितलं तसंच. तू गेलास त्या साली मे महिन्यात, तुझा गुडघा सुजला म्हणून आपण सोलापूरला हाडांच्या डॉक्टरकडं गेलो होतो. डॉक्टरांनी पाय इकडंतिकडं वळवून पाहिला आणि तुला बाहेर बसायला सांगितलं. मग मला म्हणाले, गुडघ्याच्या आतला बंध निम्मा तुटलाय. वर्षभर खेळ पूर्ण बंद, आणि मुंबईला नेऊन ऑपरेशन. असाच खेळत राहिला तर दोन वर्षं चालेल, फार तर तीन. मग एक दिवस पूर्ण तुटेल आणि पाय पहिल्यासारखा होणार नाही. हे त्यांनी चिठ्ठीवर लिहूनही दिलं. मी बाहेर आलो आणि तुला सांगितलं, मुरगळलाय, तेल लावून शेक दे. नांदेडचा निरोप त्यानंतर बारा दिवसांनी आला. तीन वर्षं गुडघा, तीन वर्षांनी नोकरी कायम. मी मनाशी म्हटलं, बसूचंही भलंच होतंय. पुष्कळ दिवस तेच म्हणत राहिलो. पण तुझं भलं करायचं असतं तर मी तुला चिठ्ठी दाखवली असती, आणि तू खेळ थांबवून पाय वाचवला असतास. वर्षभर घरी बसणारा खेळाडू घेऊन नांदेडनं मला श्रीमंत दिला नसता. एवढंच त्यात होतं. दुसरं काही शोधू नकोस, मी शोधून पाहिलंय.

मला वाटलं, आता कुणीतरी उठून माझ्या थोबाडीत मारेल. मग भुजंगच बोलला, आणि काय बोलला ऐक. "आरं तिच्या! म्हंजी ठावं असून दिला व्हय नांदेडवाल्यास्नी? लई पोचलेले हाव की मास्तर तुम्ही!" आणि पुन्हा हशा. कुणीतरी माझ्यासाठी चहा सांगितला. एकजण म्हणाला, असा डोकेबाज माणूस जिल्ह्याला पायजेच. नागप्पानं उजेड असतानाच दुकानाचं शटर ओढलं आणि निघून गेला.

आज सकाळी तो घरी आला. अव्वानं पाट मांडला, पण तो बसला नाही. मला अंगणात घेऊन म्हणाला, "भुजंग सोमवारी नांदेडच्या गाडीवर हाय. तिथं स्टँडात बसूला गाठून हे सगळं हसत हसत सांगतोय बगा. त्याच्या आधी तुमच्या हातचं त्याला मिळू द्या. लिहा. मी उद्याच नेतो." मी म्हणालो, मीही सोबत येतो. तो म्हणाला, "तुम्ही नगा." म्हणून हे पत्र, बसू. पश्चात्ताप झाला म्हणून लिहिलं असं मी म्हणणार नाही. पश्चात्ताप तर तीन वर्षं होताच, आणि तो असूनही मी परभणीला ओरडलोच. भुजंगची ड्युटी सोलापूरच्या गाडीवर असती तर मी आज पुन्हा तुला अव्वाची तब्येत आणि टँकर लिहून पाठवलं असतं. डॉक्टरांची चिठ्ठी नागप्पाजवळ दिली आहे. तुला घेऊन सोलापूरला जायचं, असं त्यानं ठरवलंय, त्याला नाही म्हणू नकोस. अव्वाला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिला काय सांगायचं ते तू ठरव, आणि तू ठरवशील ते मी तिच्यासमोर उभा राहून सांगेन.

तुझाच,
विरूपाक्ष अण्णा