हात लावायची खोली

॥ श्री ॥
अकोला, ता. १२-१-१९५८

ती. सौ. ताईस, धाकट्या चिंतामणचे सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जेवतो वेळेवर, काळजी नको. शाळा सुटली की मी थेट गोदामात, माझ्या हात लावायच्या खोलीत जातो, तर मुलं आधीच दार वाजवत असतात. या रविवारी सरकी काढायच्या लाकडी यंत्राचा दांडा निखळला, आणि तो बसवण्यात पोरींनी पोरांना हरवलं. भाता, कप्पी, आरशांची नळी, गजराचं घड्याळ, सगळं मोडतं आणि मुलंच ते जुळवतात. याहून वेगळं मी काही शिकवत नाही. फी ठेवली तर यातली निम्मी यायची नाहीत.

पण मालकाला होळीनंतर गोदाम परत हवं आहे. भाऊजींच्या इथे ओळखी आहेत. कुठे एखादी खोली मिळाली तर बघावं. हे बंद पडलं तर माझ्यापाशी दुसरं काही नाही ताई, स्पष्टच लिहितो.

माझ्या भाचीला, शैलाला आशीर्वाद. माझ्यावर खुशाल रागव, पण लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा चिंतामण

॥ श्री ॥
अमरावती, ता. ३-२-१९५८

चि. चिंतामण यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाऊजींनी काम केलं. तुमच्या गावचे महादेवराव नवी खोली द्यायला तयार झालेत. अट एवढीच, की रीतसर संस्था काढायची आणि कारभार समितीनं बघायचा. संस्थेची घटना यांनीच लिहिली आहे, डोळे मिटून सही कर. एरवीही कागद दिसला की तू डोळे मिटतोसच.

मामंजींची कायद्याच्या पुस्तकांची कपाटं पाठवते आहे, सागवानी, काचेची. माझ्या भावाच्या वस्तू जमिनीवर लोळलेल्या मला बघवत नाहीत.

पोचल्याचं लिही. आता तरी सुखानं झोप.

तुझी ताई

॥ श्री ॥
अकोला, ता. २०-४-१९५८

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

कपाटं सुखरूप आली आणि समितीला फार आवडली. उद्घाटनापर्यंत खराब होऊ नयेत म्हणून सगळ्या वस्तू आत ठेवून कुलपं लावली. उद्घाटन झालं, माझा सत्कारही झाला. कुलपं तशीच आहेत, आणि किल्ल्या महादेवरावांकडे.

मी भांडायला गेलो. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, मास्तर, तुम्ही रक्त आटवून उभं केलंत, ते आम्ही मोडू कसं द्यायचं. माणूस वाईट असता तर बरं होतं, भांडता तरी आलं असतं. समितीत भाऊजींचं नाव आहे, त्यांना बोलायला सांग.

आशीर्वाद असावेत, सध्या जरा जास्तच असावेत.

चिंतामण

॥ श्री ॥
अमरावती, ता. ९-६-१९५८

चि. चिंतामण यास अनेक आशीर्वाद.

हे बैठकीला जाऊन आले, आणि मत कुलपांच्या बाजूनं देऊन आले. लोकांची वस्तू जपणं हा विश्वस्ताचा धर्म, म्हणतात. मी माझी कपाटं परत मागते म्हटलं, तर संस्थेला दिलेलं परत घेता येत नाही. ते कलमही यांनीच घातलेलं. मी अजून यांच्याशी धड बोलत नाही.

कपाटं मीच पाठवली रे, त्याचं फार वाईट वाटतं. सोड ते सगळं आणि इकडे ये. अमरावतीत शाळांना काय तोटा आहे?

ताई

॥ श्री ॥
अकोला, ता. १४-९-१९५८

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

कपाटांचं मनाला लावून घेऊ नकोस. ती नसती तर समितीनं नवी करून घेतली असती.

गावातली मुलं आता येत नाहीत. काचेतून एकदा बघितलं की संपलं. काल अकोटची मैनाबाई म्हणून एक शेतकरीण नातवंडांना घेऊन आली. तिनं दाराशी चपला काढल्या, त्या सरकीच्या यंत्रासमोर मुलांना हात जोडायला लावले, आणि काचेपुढे पैसा ठेवला. मी म्हटलं, बाई, हा देव नाही, मुलांनी खेळायची वस्तू आहे. तिनं जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, देव नाही तं मंग गुरुजी, लेकराईले हात काहून नाही लावू देऊन राह्यले.

तेवढ्यात धाकट्या नातीनं काचेवर बोट टेकवलं, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, हात लावू नको. पोरीनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

दिवाळीला येतो. याविषयी काही विचारू नकोस.

चिंतामण