बारा अक्षरांचा श्वास

९ जानेवारी
दम्याचा पंप सुरू केल्यापासून श्वास असा मोकळा, की मुकुंदवाडी स्टेशनापर्यंत चालताना पाय जमिनीला लागतात का, शंका येते. पण आवाज पार बसलाय. मनूच्या लग्नाला महिना. मंगलाष्टकं मुलीच्या बापानंच म्हणायची, ही आमच्या घरची रीत.

१३ जाने.
आवाजासाठी डोस स्वतःच निम्मा केला. दोन वेळा दोन-दोन दाब होते, आता एकेक. डॉक्टरबाईंना कळवलं नाही. मी वार्ताहर असलो म्हणून प्रत्येक बातमी थोडीच द्यायची असते.

१९ जाने.
आवाज तसाच घोगरा. वर छातीत लांब कुठंतरी पावा वाजतोय. ऐकत राहावं वाटतं, माझी छाती नसती तर. मंगलाष्टकाच्या ओळीत श्वास घ्यायचा बाराव्या अक्षरावर. आज सातव्यावरच संपला. दुपारी डोळा लागला तर स्वप्नात चिकलठाण्याचं विमान बरगड्यांमधून हळूच खाली...

२२ जाने.
तीन पायऱ्या चढलो आणि जिन्यातच बसलो. हिनं पंपावरचा आकडा पाहिला.
"अहो, एवढे दाब उरलेच कसे? लेकीचं लग्न बघायचंय का नुसतं गायचंय?"
मी पंप तिच्या हातातून घेऊन खिशात टाकला.

२३ जाने.
हिच्यासोबत दवाखाना. डॉक्टरबाईंनी घशात बॅटरी मारली. पांढरे डाग.
"पंपानंतर चूळ भरता ना?"
"न चुकता. तीनदा."
"करून दाखवा बरं."
तळहातावर पाणी घेतलं, प्यालो. तीनदा, केशवाय नमः सकट.
"काका, हे आचमन झालं! खळखळून थुंकायचं असतं. औषध घशात बसलंय तुमच्या."
ही इतकी हसली की पंप तिलाच द्यावा लागतो की काय. मुंजीपासूनचा हात माझा; पाण्याचं दुसरं काही करणं त्याला सुचतच नाही.
डोस पुन्हा दोन-दोन. सोबत दम मोजायला फुंकायची नळी, घशाला औषध. "दमा महिनोन् महिने शांत राहिला की डोस उतरवू. मी. तुम्ही नाही."
"लग्नाआधी?"
"नाही."

४ फेब्रु.
पावा थांबला. आवाज येतो, जातो. मनू म्हणाली, "बाबा, गुरुजींना म्हणायला सांगू का?" नको म्हणालो. ते मात्र खणखणीत निघालं.

८ फेब्रु.
उद्या लग्न. सकाळी गच्चीवर, धुक्यात, मनूपुढं पहिलं अष्टक म्हटलं. बारावं अक्षर गाठलं. आवाज कसा लागला, मला कळेना. तिच्याकडं पाहिलं तर रडत होती. कारण विचारायचा धीर झाला नाही.