परसातलं खुराडं

१२ फेब्रु. ५६, रवि.
हे गुरुवारी घरी आले. टीबीच्या दवाखान्यात आठ महिने काढले. अंगावर हाडंच राहिलीत. डॉ. म्हणाले दूध हवंच, शिवाय रोज दोन अंडी. मी काल बाजारातून आणली, एक नासकं निघालं. वासावरून ह्यांनी ओळखलं. "गळ्यात लिंग आहे माझ्या. हे घरात आणू नकोस." लिंगायताच्या घरात मीही जन्मलेय, पण...
शेजारच्या हमीदाबी कुंपणावरून, "सुमन, कोंबड्याच पाळ की. ताजं तरी मिळंल. न्हाई खाल्लं तर इकायचं."

१६ फेब्रु., गुरु.
कारखान्यात, आमच्या पॅकिंग खात्यात, मोडकी खोकी पडून होती. साहेबांना विचारलं, ने म्हणाले. डोक्यावरून आणली. ह्यांनी विचारलं, "लाकूड कशाला?"
"खुराडं करतेय."
भिंतीकडे तोंड केलं.

१९ फेब्रु., रवि.
दिवसभर ठोकाठोकी. अंगठा चेचला. खिडकीला जाळी नाही, म्हणून हमीदाबींच्या मालकांनी सायकलचे जुने आरे दिले, तेच गज म्हणून बसवले. मुंगसाच्या भीतीने खाली चार दगड लावून उंच केलं. तळाला भाताचं तूस.
हे मागच्या दारात खाटेवर पडून बघत होते. बोलायचं नाही असं ठरवलेलं. शेवटी राहवलं नाही. "दार बाहेर उघडायला लाव. आत उघडलं तर कोंबडी मागे अडकेल." फिटरच शेवटी. मग भिंत धरत स्वतःच आले, बिजागरी काढून पुन्हा बसवली. धाप लागली, मातीतच बसले. मी रागावणार होते. हात तेलाने काळे झाले होते आणि ते हातांकडेच बघत होते. रागावले नाही.

२२ फेब्रु., बुध.
हमीदाबींनी तीन कोंबड्या अर्धेलीनं दिल्या. पिल्लं झाली की निम्मी त्यांची.

२९ फेब्रु., बुध.
पहिलं अंडं! मी कामावर होते. ह्यांनीच उचललं, फडक्यावर ठेवलं. "हातात घेतलं तेव्हा गरम होतं," एवढंच. खाल्लं नाही. पाण्याचं डबडं मात्र रोज तेच भरतात, पिसवांसाठी राख टाकतात. ऊन लागतं, थोडं चालणं होतं. वजन तेवढंच.

८ मार्च, गुरु.
सासूबाई बार्शीहून अचानक आल्या. पत्र नाही. थेट परसात पाय धुवायला गेल्या नि खुराड्यापाशी थबकल्या.
खरं तेच सांगितलं. डॉ. काय म्हणाले, वजन किती राहिलं, सगळं.
त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. आपली चूल वेगळी मांडली.

११ मार्च, रवि.
दोन दिवस त्या नुसत्या ह्यांच्या पाठीकडे बघत होत्या. सदरा काढला की पाठीच्या फासळ्या मोजता येतात.
आज सकाळी स्वयंपाकघरात, हळूच, "उकडून देत्यात का कच्चं?"
"दुधात फेटून, आई."
"तू फोड. मी हात लावणार न्हाई. पेला मी देते."
ह्यांनी पेल्यात पाहिलं. "काय आहे यात, आई?"
"औषिद हाय. पी."
माझ्याकडे बघितलं ह्यांनी. मी मान खाली घातली. प्यायले.
त्या न्हाऊन आल्या, पूजेला बसल्या. दुपार उलटली तरी उठल्या नाहीत. मी दाराशी गेले, आत जायचं धाडस नाही...

१८ मार्च, रवि.
आठवडाभर रोज पेला त्यांनीच दिला. आज परत गेल्या. कासारवाडी स्टेशनवर, गाडी आल्यावर, "बार्शीत कुनाला बोलू नगंस. देवाला काय सांगायचं ते माझं मी सांगीन." डब्यात चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच. लग्नाला सहा वर्षं झाली.

१९ मार्च, सोम.
सकाळी पेला मी नेला. घेतला नाही.
"आई देत होती ते औषध होतं."
"आणि मी देते ते?"
पेला उशाशी ठेवला आणि कामावर गेले. पॅकिंगवर लक्ष लागेना, दोनदा बोलणी खाल्ली.
संध्याकाळी आले तर पेला धुऊन पालथा घातलेला. हे परसात, कोंबड्यांना दाणे टाकत होते. प्यायले की ओतून दिलं, विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. उद्या पुन्हा ठेवीन.