शेवटची ओळ बोलायची असते

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं. शेकत जा, आणि जिना सारखा चढउतर करू नकोस. इकडे सगळं बरं आहे. जावयाची बदली टळली. नात भिंतीला धरून चालते आणि पडली की रडायच्या आधी आपण बघतोय का ते बघते. कुंड्यांना कळ्या धरल्यात.

फोन का करत नाहीस, असं विचारलंयस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस गं. कागद मधेच तोडत नाही.

तू दोन गोष्टी मागितल्यास. तुझ्या शिष्या करताहेत त्या सत्काराला येऊन मी तुझ्याविषयी चार शब्द बोलावेत, ही एक. आणि जिना झेपत नाही म्हणून नंतर तू माझ्याकडे बागेच्या बाजूच्या खोलीत कायमचं राहायला यावं, ही दुसरी. पहिलीचं उत्तर आज देते. दुसरीचं सत्कार झाल्यावर.

त्याआधी एक गंमत. जावयाने मला इंटरनेटवर चालणारा छोटा रेडिओ आणून दिला. बटण फिरवता फिरवता एका सकाळी आयरिश भाषेतलं एक स्टेशन लागलं, लोकगीतांचं. इंग्रजी नव्हे, त्यांची स्वतःची जुनी भाषा. एक अक्षर कळलं नाही, पण दूध उतू जाईपर्यंत मी तशीच उभी. आपल्या शाळेच्या कॉयरच्या सिस्टर आठवतात? ऑर्गनच्या पट्ट्या पुसताना त्या काहीतरी गुणगुणायच्या, आणि विचारलं की लाजून म्हणायच्या, आजीच्या गावचं आहे. तीच वळणं, तोच नाकातला हलका सूर.

तेव्हापासून सकाळचा स्वयंपाक त्या स्टेशनवर होतो. लेक हसते. म्हणते, आई, तुला काय कळतं त्यात? कुणाचा प्रियकर बुडाला की कुणाची गाय हरवली, मला कुठलं कळायला? मी दोघांसाठीही थोडं थोडं रडून घेते.

त्या लोकांची रीत मला फार आवडते. बाई एकटीच गाते, साथीला काही नाही. ऐकणाऱ्यांतलं कुणीतरी मधेच हळू आवाजात काहीतरी म्हणतं, ते "शाबास" असणार. सूर हलला म्हणून कुणी थांबवत नाही. आणि गाणं संपताना कित्येक जण शेवटची ओळ गातच नाहीत, नुसती बोलतात. डोक्यावरची घागर अलगद खाली ठेवावी तशी. तुझ्या गाण्याच्या क्लासात मी चहा घेऊन आले की पोरी श्वास कोंडून बसलेल्या असायच्या, ते आठवतं.

तर त्यातलं एक गाणं मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं आणि बसवलं. हो, मी. घोगरी. हे नाव तूच ठेवलंस, आणि घरादाराने ते इतक्या लाडाने उचललं की मीही त्याला ओ देत राहिले. माझ्या लेकीला मी कधी गाऊन झोपवलं नाही, ताई. थोपटून झोपवलं.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात शाळेच्या जुन्या मुली जमल्या होत्या. तुला जिना उतरवेना म्हणून तू आली नाहीस. कॉयरला साथ करायची ती आपली पियानोवाली भेटली. पिकलेले केस, बाकी तशीच भाबडी. मला मिठी मारून पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे?

"तुझ्या घशातल्या गाठी काढल्या का गं शेवटी?"

मी म्हटलं, कसल्या गाठी?

तिला वाटलं मी थट्टा करते. मग तिने सगळं सांगितलं. स्पर्धेत एकटीने म्हणायच्या गाण्यासाठी सिस्टरनी मला निवडलं होतं. विचारायला त्या स्वतः आपल्या घरी आल्या, हिला बरोबर घेऊन. दारात तू होतीस. तू म्हणालीस, तिच्या घशात गाठी आहेत, डॉक्टरांनी गायला मनाई केली आहे. सिस्टरना खरं वाटेना, म्हणून त्या पुन्हा आल्या. पुन्हा दारात तूच. शेवटी ते गाणं तू म्हटलंस, आणि तिथून तुझं सगळं सुरू झालं.

त्याच संध्याकाळी माझी वेणी घालताना तू मला काय सांगितलंस, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "सिस्टर म्हणाल्या, तुझा आवाज कॉयरमध्ये बसत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, सगळ्यांनाच सगळं येत नाही." आणि रिबिनीचं फूल करून दिलंस.

तर मी सत्काराला येणार. भाषण करणार नाही, गाणार. समारंभाचं बघणाऱ्या तुझ्या शिष्येला मी तसं कळवलं आहे, ती बिचारी आनंदली. तुला मला थांबवायचं असेल तर जरूर थांबव. मग मी भाषण करीन. पियानोवालीला शेजारी उभी करून.

गुडघ्यांना जप.

तुझी,
घोगरी


३ डिसेंबर

प्रिय ताई,

पत्र आलं, आणि हारातल्या सुकलेल्या पाकळ्याही. त्या वहीत ठेवल्या. मोगऱ्याचा वास तुझ्या पत्रालाही येतोय.

समारंभ छान झाला. तुला ती मोतिया रंगाची साडी फार शोभली. तू पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर होतीस, आणि मी माइकसमोर आले तेव्हा तू पदराचं टोक मुठीत धरलंस, ते मी स्टेजवरून पाहिलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. लहानपणी तू ओरडलीस की मी फ्रॉकची कड अशीच धरायची.

मी गायले. मधे एकदा सूर डळमळला, तेव्हा सवयीने माझी नजर तुझ्याकडे गेली. तुझ्या कपाळावर ती आठी आलीच होती. पण तुला काय म्हणता येणार होतं? शब्द तुला ठाऊक नाहीत, चाल तुला ठाऊक नाही. सगळ्या सभागृहात एकटी मीच जाणकार. मग शेवट मी त्यांच्या रीतीप्रमाणे बोलले, सावकाश, डोळे मिटून. तुझी शिष्या रडली. मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्याही रडल्या.

त्यावर तू चार पानं लिहिलीस, आणि त्यातली तीन माझी चूक दाखवण्यात गेली. तुझ्या शिष्येच्या नवऱ्याच्या ऑफिसात आयर्लंडचा एक इंजिनीअर आहे, त्याला तू मुद्दाम माझं रेकॉर्डिंग ऐकवलंस. तो पोट धरून हसला म्हणे. गाणं बरोबर, पण मी जो शेवट बोलले तो गाण्यातला नव्हेच. गाणं संपताक्षणी निवेदकाने समुद्राचं हवामान वाचायला घेतलं होतं. ते मी शेवटची ओळ म्हणून पाठ केलं आणि तुझ्या सत्कारात म्हटलं.

ताई, मी स्वयंपाकघरात खाली बसून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. लेक धावत आली, तिला सांगितलं, मग तीही बसली. तुला वाटलं असेल, आता घोगरी लाजेने पुन्हा तोंड उघडणार नाही. तसं झालं नाही. त्या साहेबाने केलेला अर्थ तू मोठ्या अक्षरांत उतरवून पाठवलास: वाऱ्याचा जोर वाढेल, लहान होड्यांनी बंदरातच राहावं. हे तर तू मला जन्मभर सांगत आलीस. मी ते एकदा तुझ्यासमोर माइकवरून म्हटलं, एवढंच. पुढच्या वेळीही तसंच म्हणणार आहे.

आणि चौथं पान. त्यात गाठींविषयी एक शब्द नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मीही त्या दिवशी स्टेजवरून त्याविषयी काही बोलले नाही. त्या पानाच्या तळाशी, सहीच्या वर, तू लिहिलंयस: "आवाज अजून आहे गं तुझा. तुझ्याकडे आले की रोज ऐकीन."

आई गेल्यावर तू मला वाढवलंस. स्वतः अर्धपोटी राहून मला दूध दिलंस, माझ्या तापात रात्री बसून काढल्यास. ते सगळं मला आठवतं. म्हणूनच पुढचं लिहायला हात जड झाला आहे, तरी लिहिते.

खोली मिळणार नाही.

तुझ्या क्लासजवळच तळमजल्यावर एक जागा आहे, जावई बघून आला आहे. ऊन येतं, जिना नाही. घर हलवायला आम्ही सगळे येऊ. डबा रोज पोचेल, तुला चालतो तसा कमी तिखट. रविवारी मी येईन, तुझ्या गुडघ्यांना तेल चोळीन, नखं कापून देईन. तू म्हणशील त्या डॉक्टरकडे नेईन. यात कधी खंड पडायचा नाही.

फक्त तिथे मी गाणार नाही. तू मागितलंस तरी नाही, आजारी पडलीस तरी नाही. मी माझ्या घरी गाते, सकाळी, दार लावून. नात ऐकते, लेक ऐकते, भांडी घासायला येणारी बाई हात थांबवून ऐकते.

तू ऐकणार नाहीस.

तुझी एकुलती बहीण